ऑइल पॅन गळतोय असं वाटतंय? आधी वर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६९ची गाडी, शेव्हरोलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन, गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली बशीएवढा तेलाचा डाग. ऑइल पॅनचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या भांड्याचं, कॉर्कचं पॅकिंग दोनदा बदलून झालं. दुसऱ्या वेळी बोल्ट जीव खाऊन आवळले. महिनाभर बरं गेलं, मग गळती पुन्हा सुरू, आणि आधीपेक्षा जास्त. आता तुम्ही विचारताय की पॅकिंगची भानगडच नको, नुसतं सिलिकॉन भरून पॅन चिकटवून टाकला तर?

सिलिकॉनची नळी आधी बाजूला ठेवा. ती लागणार आहे, पण चार ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी नखाएवढीच.

माझ्या मते तुमच्यासमोर एक नाही, दोन प्रश्न आहेत. पहिला म्हणजे तेल पॅनच्या पॅकिंगमधूनच येतंय हे अजून कुणी पाहिलेलंच नाही. तुम्ही पाहिलंय ते पॅनवरून टपकताना, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरा प्रश्न तुम्ही स्वतः तयार केलाय. बोल्ट इतके आवळल्यावर पॅनची कड बहुतेक वाकली असणार, म्हणजे सुरुवातीला पॅन निर्दोष असला तरी आता तो तसा राहिलेला नाही. गाडी समोर नसताना मूळ दोष कुठला हे मला सांगता येणार नाही. शोधायचा कसा ते मात्र सांगतो, कारण मी स्वतः यात चांगला फसलोय.

अशाच एका व्ही-एटचा पॅन मी दोनदा उतरवला होता. दुसऱ्यांदा तर पॅकिंगही महागातलं, एकसंध रबराचं घातलं. गाडी परत आली ती तसाच डाग घेऊन. तिसऱ्यांदा जॅक लावायच्या आधी सहज एक छोटा आरसा घेऊन डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा भाग) मागे धरला आणि टॉर्च मारला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, मागच्या कडेवर, इनटेक मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटरमधलं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग) जिथे संपतो तिथे, तेलाचं चिमुकलं तळं साचलेलं. तिथून धार ब्लॉकच्या पाठीवरून उतरत होती, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं घंटेच्या आकाराचं आवरण) लागत होती आणि पॅनच्या मागच्या कडेवरून टपकत होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! तेव्हापासून पॅनला हात लावण्याआधी वरून खाली बघत यायचं हा माझा नियम आहे.

पॅन हा इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. वरून कुठूनही सुटलेलं तेल शेवटी त्याच्यावरच येतं. त्यात गाडी चालू असताना खालून जाणारा वारा ते मागे ढकलतो, त्यामुळे पुढची गळतीसुद्धा मागे दिसते. तुमच्या इंजिनात संशयित बरेच आहेत. टॅपेट कव्हरचे (व्हॉल्व्हवरचं झाकण) मागचे कोपरे, इनटेक मॅनिफोल्डची मागची कड, डिस्ट्रिब्युटरचा तळ आणि त्याच्या शेजारचा ऑइल प्रेशरचा सेंडर (तेलाचा दाब मोजणारा सेन्सर) हे सगळे वर मागच्या बाजूला. पुढे टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचं झाकण), क्रँकचं (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) पुढचं सील आणि उजवीकडे (गाडीत बसून पुढे बघताना) पेट्रोल पंप. खाली मागे डावीकडे ऑइल फिल्टर. मग ड्रेन प्लग, आणि सगळ्यात मागे क्रँकचं मागचं सील. यातलं बरंचसं पॅन न उतरवता तपासता येतं, आणि दुरुस्त झालंच तर दोन तासांत होतं.

पेट्रोल पंपाचं नाव निघालंच आहे तर डिपस्टिक काढून एकदा वास घ्या. पंपाच्या आतला पडदा फाटला की पेट्रोल थेट तेलात उतरतं. तेल पातळ होतं, एरवी न गळणाऱ्या फटीतूनही झिरपायला लागतं, आणि बेअरिंगची वाट लागते ती वेगळीच. वास आला तर बाकी सगळं राहू द्या. पंप आणि तेल दोन्ही बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

आता शोध. इंजिन थंड असताना खालून-वरून डिग्रीजर मारून स्वच्छ करा. पाणी वापरणार असाल तर डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवर पिशवी बांधा. नीट वाळू द्या. मग ज्या जागांवर संशय आहे तिथे पावडर उडवा, पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो तो उत्तम. सगळं पांढरं दिसलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा आणि लगेच खाली शिरून बघा. पांढऱ्यावर तेलाची वाट अशी उमटते की बोट ठेवून वर वर जात थेट उगमापर्यंत पोहोचता येतं. एवढ्याने भागलं नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च मिळतो. अंधारात गळतीची जागा हिरवट-पिवळी उजळते. पण खरं सांगतो, मला पावडरीनेच बहुतेक वेळा उत्तर दिलंय.

पॅनची मागची कड आणि क्रँकचं मागचं सील यांत गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण दोन्हींचं तेल एकाच जागी टपकतं. फ्लायव्हीलखालचं (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) पत्र्याचं झाकण काढा. बेल हाउसिंगच्या आत तेल गोलाकार उडालेलं दिसलं आणि फ्लायव्हीलची ब्लॉककडची बाजू ओली असली, तर सील. फ्लायव्हील कोरडं आणि फक्त पॅनची कड ओली, तर पॅन. आणि बेल हाउसिंगच्या वरच्या अंगालाच ओल असेल, तर पुन्हा माझ्यासारखं आरसा घेऊन वर.

आता जी गोष्ट सगळे विसरतात ती. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत, उतरतो. तो बाहेर पडायला वाट हवी. तुमच्या इंजिनात एका टॅपेट कव्हरवर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला वायू बाहेर काढणारी झडप) असतो, तो नळीने कार्ब्युरेटरच्या बुडाला जोडलेला असतो आणि तिथल्या ओढीवर हा वायू खेचून घेतो. दुसऱ्या बाजूने एअर क्लीनरकडून ताजी हवा आत येते. व्हॉल्व्ह काजळीने बसला, नळी चिरडली, किंवा कुणी दिसायला छान म्हणून चकचकीत क्रोमची कव्हरं बसवली आणि त्यांना भोकंच नव्हती, तर आतला दाब वाढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला जगातलं कुठलंही पॅकिंग घाला, ते गळणारच. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मालकाने आवाज येतो म्हणून ब्रीदरच्या (हवा आत येण्याच्या वाटेच्या) भोकात रबराचं बूच मारलं होतं. बूच काढलं, नवा व्हॉल्व्ह घातला, गळती थांबली. पॅनचा एक बोल्टही हलवला नाही.

तपासणं सोपं आहे. इंजिन गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, तेल ओतायचं झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा अलगद धरा. तो हलकासा आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फुगत असेल तर दाब आहे. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा, खुळखुळला पाहिजे. नवा व्हॉल्व्ह आणि मोकळ्या नळ्या असूनही प्लास्टिक फुगतंच असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजलेत. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, कारण तो खर्च वेगळ्या पातळीवरचा आहे आणि पॅनचं काम त्या वेळीच करणं शहाणपणाचं.

इथवर सगळं निर्दोष निघालं आणि पांढऱ्या पावडरीवरची वाट पॅनच्या कडेपाशीच सुरू होत असेल, तर पॅन उतरवा. त्याआधी नाही.

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही दोनदा केलंय. फक्त जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, भक्कम स्टँड लावा. बॅटरी सोडा. सेल्फ स्टार्टर आणि फ्लायव्हीलचं झाकण निघालंच पाहिजे. इंजिन माउंटचे बोल्ट काढून थोडं उचलावं लागलं तर पंखा आणि त्याचं आवरण, तसंच डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि मागची भिंत यांच्यात किती जागा उरते यावर लक्ष ठेवा. पॅन पुढे अडकत असेल तर क्रँक फिरवून पुढच्या पुलीवरची टायमिंगची खूण बरोबर खाली, सहाच्या आकड्यावर आणा. क्रँकची वजनं बाजूला होतात आणि पॅन सुटतो. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, कड आणखी वाकेल.

पॅन हातात आला की धुण्याआधी त्याच्या तळाला बोटं फिरवा. त्या काळातल्या बऱ्याच इंजिनांत टायमिंगच्या वरच्या चक्राचे दात नायलॉनचे असत. जुने झाले की ते तुटून पॅनमध्ये येऊन पडतात. दाताचे तुकडे सापडले तर टायमिंग चेन आणि चक्रं लगेच बदला. काळे, बिस्किटासारखे तुटणारे रबराचे कण म्हणजे व्हॉल्व्हची सीलं. सोनेरी किंवा तांबूस चमक म्हणजे बेअरिंग. आणि गेल्या वेळचे सिलिकॉनचे शेवाळासारखे धागे ऑइल पंपाच्या जाळीवर गुंडाळलेले सापडले, तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातातच असेल. जादा सिलिकॉन जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही दाबलं जातं. ते सुटतं, जाळीवर बसतं आणि इंजिनाला तेल मिळेनासं होतं.

आता खरं काम, ज्यासाठी मी अर्धा दिवस राखून ठेवतो. पॅनची कड ही दाबून काढलेल्या पत्र्याची. बोल्ट जास्त आवळला की भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या दिशेने वर ओढला जातो आणि तिथे छोटी टेकडी तयार होते. टेकडीपाशी पॅकिंग चेंगरून कागदासारखं होतं, आणि दोन टेकड्यांच्या मधल्या दरीत त्याच्यावर दाबच राहत नाही. तेल येतं ते त्या दरीतून. मग माणूस बोल्ट आणखी आवळतो, टेकडी आणखी वर, दरी आणखी खोल. महिनाभर बरं वाटलं आणि मग गळती वाढली, याचा अर्थ मला तरी हाच लागतो.

जुनं पॅकिंग खरवडून कड चकचकीत करा. तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरा आणि पलीकडून टॉर्च मारा. पट्टी भोकांवर टेकेल आणि मधून उजेड दिसेल. आता पॅन असा धरा की कडेची पॅकिंगची बाजू वर, आणि खालून कडेला व्हाइसचा जबडा किंवा सपाट लोखंडी ठोकळा टेकलेला. गोल तोंडाच्या हातोडीने टेकडीवर टिचक्या मारल्यासारखं ठोका. मोठे घाव नकोत. चार ठोके, पट्टी, टॉर्च. पुन्हा चार ठोके. आवाजावरून कळायला लागतं. पत्रा ठोकळ्याला पूर्ण टेकला की खणखणीत वाजतो, पोकळ असेल तर भदभदतो. भोक केसभर खाली गेलं तर हरकत नाही, बोल्ट त्याला घेईल. वर राहिलं तर मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सगळी भोकं झाली की पुढच्या-मागच्या अर्धगोल कडाही बघा, पण तिथे हात हलका ठेवा.

पॅन जुना आहे तेव्हा गंजाची बारीक भोकंही तपासा. बाहेरून खडू फासायचा, आत रॉकेल ओतायचं आणि तसाच ठेवायचा. भोक असेल तर खडूवर ओला ठिपका उमटतो. ड्रेन प्लगचे आटेही बघून घ्या. प्लग शेवटपर्यंत न आवळता नुसता फिरत राहत असेल तर आटे गेलेत. पॅनचा तळ कधी दगडावर आपटून आत दबला असेल तर तोही सरळ करा. पंपाची जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिलिमीटर अंतर हवं. जाळीवर मऊ मातीचा गोळा ठेवून, जुनंच पॅकिंग मध्ये धरून पॅन हाताने दाबून काढला की मातीची जाडी मोजता येते.

मागचं सीलही ओलं सापडलं असेल तर ते आत्ताच करा. या इंजिनांत १९८५पर्यंत ते दोन तुकड्यांचं होतं, त्यामुळे गिअरबॉक्स न उतरवता मागच्या मेन बेअरिंगचं कॅप (क्रँकला खालून धरणारं झाकण) काढून बदलता येतं. ऑइल पंप त्याच कॅपवर बसलेला असतो, तो आधी काढावा लागेल. सीलचा ओठ इंजिनाच्या आतल्या बाजूला, पुढे तोंड करून.

पॅकिंगची निवड. तुमच्याकडे चार तुकड्यांचं आहे: बाजूला कॉर्कच्या दोन पट्ट्या, पुढे-मागे रबराचे दोन अर्धगोल. इथे एक मेख आहे. पुढचं रबर दोन जाडीचं येतं, १९७४पर्यंतच्या इंजिनांना पातळ आणि १९७५ ते १९८५च्या इंजिनांना जाड. एवढ्या जुन्या गाडीत टायमिंग कव्हर किंवा पॅन कधीतरी बदलला गेलेला असू शकतो. जाड जागी पातळ गेलं तर पुढून गळेल, उलट झालं तर पॅन बसतच नाही आणि माणूस बोल्टच्या जोरावर बसवायला जातो. म्हणून गाडीच्या सालावर न जाता रबर प्रत्यक्ष लावून बघा. तसंच डिपस्टिक १९७९पर्यंत ब्लॉकच्या डावीकडे होती, १९८०पासून उजवीकडे गेली. त्यावरून ब्लॉक आणि पॅन कुठल्या काळातले याचा अंदाज येतो.

मला विचाराल तर मी पोलादी गाभ्याचं एकसंध रबरी पॅकिंग घेईन. त्यात भोकांभोवती धातूच्या छोट्या चकत्या असतात, त्यामुळे ठरावीक मर्यादेपलीकडे ते चेंगरत नाही. शिवाय कॉर्क आणि रबर यांचे सांधेच नसल्याने कोपऱ्यांची डोकेदुखी बरीच कमी. पण तेसुद्धा कड सपाट असेल तरच. वाकड्या कडेवर ते कॉर्कइतकंसुद्धा सांभाळून घेत नाही. गाडी मूळ रूपातच ठेवायची असेल तर कॉर्कही चालतं. कॉर्क ठेवून ठेवून सुकतं आणि आखडतं. भोकं जुळत नसतील तर ओढून ताणू नका, तुटेल. कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवलं की फुगून मापावर येतं.

बसवायच्या आदल्या रात्री ब्लॉक तसाच निथळू द्या, कारण वरून थेंब येतच राहतात. सकाळी ब्लॉकची कड पुसा, थिनर किंवा ब्रेक क्लीनरने पुन्हा पुसा आणि लगेच पॅन चढवा. तेलाचा पातळ थर राहिला तर सिलिकॉन धरत नाही. ते लावायचं फक्त चार कोपऱ्यांत, जिथे ब्लॉकची सपाट कड संपून पुढचं कव्हर किंवा मागचं कॅप सुरू होतं. लावल्यावर दहा मिनिटांत पॅन जागेवर हवा, नाहीतर वरती साय धरते.

पाठीवर झोपून, एका हाताने पॅन तोलत, दुसऱ्या हाताने बोल्ट शोधायचा, आणि तेवढ्यात पॅकिंग सरकतं. हे टाळायला चार लांब बोल्टांची डोकी कापा, टोकाला करवतीने स्क्रू ड्रायव्हरपुरती खाच पाडा आणि ते चार कोपऱ्यांच्या जवळ हाताने फिरवून ठेवा. पॅकिंग त्यांच्यावर अडकवायचं, पॅन सरळ वर न्यायचा. बाकीचे बोल्ट लागले की हे चार काढून तिथे खरे बोल्ट.

आवळताना आधी सगळे हाताने, मग मधून सुरुवात करून आलटून पालटून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. बाजूचे पाव इंची बोल्ट साधारण ९ न्यूटन-मीटर, कोपऱ्यांचे ५/१६ इंची साधारण १९. पॅकिंगसोबत वेगळा आकडा आला असेल तर तो पाळा. ९ न्यूटन-मीटर म्हणजे किती कमी हे पहिल्यांदा टॉर्क पान्याने करणाऱ्याला धक्काच बसतो. मनगटाचा जोर पुरतो, दंडाचा लागतच नाही. हवेच्या दाबावर बोल्ट आवळणारी गन तर त्या खोलीतही नको.

चोवीस तास तसंच राहू द्या. मग नवा फिल्टर, तेल, आणि इग्निशन तोडून प्रेशर दिसेपर्यंत नुसता सेल्फ मारा. कॉर्क असेल तर इंजिन दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर थंड असतानाच पुन्हा एकदा त्याच आकड्यावर पाना फिरवा, आणि मग बोल्टांना विसरा. एकसंध पॅकिंगला तेवढंही करू नका.

एवढं करूनही सकाळी पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब दिसले तर मी त्या गाडीच्या मागे लागत नाही. थेंब गरम एक्झॉस्टवर पडत असतील किंवा क्लचपर्यंत जात असतील तर मात्र गाडी बाहेर काढू नका. तुमच्या बाबतीत पहिली दोन कामं दहा मिनिटांची आहेत: डिस्ट्रिब्युटरमागे आरसा, आणि तेलाच्या तोंडावर प्लास्टिक. ती करा आणि काय दिसलं ते कळवा. पॅन उतरवायचा की नाही ते त्यावरून ठरवू.